नागपूरच्या उन्हात गाडीची बॅटरी: आत काय असतं, हात कसा लावायचा, चार्ज कशी करायची

डिसेंबरातल्या एखाद्या गार सकाळी मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कितीतरी पार्किंगमध्ये एकच आवाज ऐकू येतो. सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट, आणि इंजिन ढिम्म. मग सगळे थंडीला दोष देतात. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं तेल घट्ट होतं, हे खरं आहे. पण त्या बॅटरीचं नुकसान डिसेंबरात झालेलं नसतं. ते झालेलं असतं एप्रिल ते जूनमध्ये, नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत, जेव्हा बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि बंद बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता कोंडलेली असते. थंडीमुळे फक्त ते नुकसान उघडं पडतं.

शिसे-ॲसिड बॅटरीबद्दल एक जुना आडाखा आहे. तिचं तापमान कायम १० अंशांनी वाढलेलं राहिलं, तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. उष्णतेने आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात आणि नुसती ठेवलेली बॅटरीही भराभर उतरते. म्हणून नागपुरात गाडी घेतली असेल, तर बॅटरीची निगा ही दिवाळीच्या सर्व्हिसिंगची गोष्ट नाही, ती मार्चमध्ये सुरू करायची गोष्ट आहे. ज्यांनी आजवर बोनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आत नेमकं काय असतं

काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकचा हा डबा पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि आतून त्याचे सहा खण केलेले असतात. प्रत्येक खण म्हणजे एक सेल. भरलेल्या सेलचा दाब साधारण २.१ व्होल्ट असतो. सहा सेल एकामागोमाग एक जोडले की १२.६ व्होल्ट होतात, आणि त्यालाच आपण १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो.

प्रत्येक सेलमध्ये दोन तऱ्हेच्या प्लेटा एकाआड एक लावलेल्या असतात. पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइडचा थर असतो, रंग चॉकलेटी. निगेटिव्ह प्लेटवर सच्छिद्र, स्पंजासारखं शुद्ध शिसं असतं, रंग राखाडी. दोन्ही थर शिशाच्या जाळीवर थापलेले असतात. नुसतं शिसं फार मऊ, म्हणून जाळी कडक करायला पूर्वी त्यात अँटिमनी मिसळत. आता बहुतेक गाड्यांच्या बॅटरीत कॅल्शियम असतं, त्याने पाणी कमी उडतं. दोन प्लेटा एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये बारीक छिद्रांचा पडदा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. आणि हे सगळं बुडालेलं असतं पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात. पूर्ण भरलेल्या बॅटरीत वजनाने एक तृतीयांशाहून थोडं जास्त ॲसिड आणि बाकी पाणी असं प्रमाण असतं.

ही मूळ रचना १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी केली, आणि जाळीवर लगदा थापायची पद्धत १८८१ मध्ये कामीय फोर यांनी आणली. आजची बॅटरी त्याच तत्त्वावर चालते.

आता चालताना काय होतं ते बघू, कारण पुढची सगळी काळजी यातूनच निघते. तुम्ही सेल्फ मारता तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं. प्लेटा लेड सल्फेटच्या होऊ लागतात, ॲसिड पातळ होतं, पाणी वाढतं. चार्जिंगला लावलं की हेच उलटं होतं. सल्फेट प्लेटा सोडून परत पाण्यात येतं आणि ॲसिड पुन्हा तेज होतं. म्हणजे ॲसिड किती तेज आहे, हे मोजलं की बॅटरी किती भरली आहे ते कळतं. गॅरेजवाला ‘ग्रॅव्हिटी’ पाहतो, तो हेच पाहत असतो.

पण प्लेटेवर बसलेलं सल्फेट सुरुवातीला मऊ, बारीक कणांचं असतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की ते कण मोठे आणि टणक होतात. कूलरच्या गवतावर बोरच्या पाण्याचा पांढरा थर जसा पहिल्या आठवड्यात बोटाने निघतो आणि हंगामाच्या शेवटी गवत फेकावंच लागतं, तसंच हे. एकदा सल्फेट टणक झालं, की कितीही चार्ज करा, प्लेटेचा तेवढा भाग कामातून गेलेला असतो. बॅटरी उतरली, तर ती आजच भरायची. ‘रविवारी बघू’ म्हणण्यात तिचा जीव जातो.

आणखी एक फरक सांगून पुढे जातो, कारण नागपुरात घरोघरी इन्व्हर्टर आहे आणि लोक अदलाबदलीचा विचार करतात. गाडीच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिला दोन-तीन सेकंदांसाठी शंभर अँपिअरच्या वर करंट द्यायचा असतो. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत प्लेटेवरच्या थराचा माल जाड नळ्यांत भरलेला असतो, कारण तिला तासन्‌तास थोडा थोडा करंट द्यायचा असतो. गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावून रात्रभर पंखे चालवले, तर काही महिन्यांत तिच्या पातळ प्लेटा झडतात. दोघींची कामं वेगळी आहेत, ती वेगळीच राहू द्या.

हात लावण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका. बॅटरीपासून चार धोके आहेत: ॲसिड, स्फोट, शॉर्ट आणि शिसं. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि बाकीच्या गोष्टी विसरतात.

आधी स्फोट. चार्जिंग होताना, विशेषतः शेवटी शेवटी, आतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन अवघा ४ टक्के झाला तरी एका ठिणगीने तो पेटतो. डबा फुटतो, आणि फुटताना ॲसिड चेहऱ्यावर उडतं. त्यामुळे बॅटरीजवळ बिडी-सिगारेट, लायटर, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नको. पाण्याची पातळी बघायला माचिसची काडी पेटवणारे अजून आहेत, मोबाइलचा टॉर्च वापरा. दसऱ्याला आपण बोनेट उघडून गाडीची पूजा करतो, ती जरूर करा. पण अगरबत्ती आणि निरांजन बॅटरीच्या बाजूला ठेवू नका, आणि गाडी नुकतीच लांबून आली असेल किंवा बॅटरी चार्जिंगला असेल तर बोनेट काही वेळ उघडं ठेवून हवा खेळू द्या.

मग शॉर्ट. अंगठी, घड्याळ, कडं, बांगड्या, लोंबणारी साखळी, सगळं आधी काढून ठेवा. पाना एका टोकाने पॉझिटिव्हला आणि दुसऱ्या टोकाने बॉडीला टेकला, तर क्षणात लाल होतो. तिथे अंगठी असेल तर बोट भाजतं, तेही हाडापर्यंत. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घेतली तर फार बरं.

ॲसिडसाठी रबरी हातमोजे आणि साधा प्लास्टिकचा चष्मा घ्या. कपडे जुने घाला. सुती कापडावर उडालेला थेंब लगेच दिसत नाही, दोन-तीन धुण्यांनंतर तिथे भोक पडतं. कामाच्या जागी बादलीभर पाणी आणि खायच्या सोड्याचा पुडा आधीच ठेवा. जमिनीवर किंवा गाडीच्या पत्र्यावर ॲसिड सांडलं तर सोडा टाका, फसफस थांबली की पाण्याने धुवा. अंगावर उडालं तर सोडा शोधत बसू नका, सरळ नळाखाली धरा आणि १५-२० मिनिटं धुवत राहा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची संथ धार किमान १५ मिनिटं सोडा, मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात जा. डोळ्यात सोडा, दूध, गुलाबपाणी यातलं काहीही घालायचं नाही.

शिशाचा धोका दिसत नाही, म्हणून तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. टर्मिनलवरची (केबल जोडायच्या खुंट्यांवरची) पांढरी-हिरवी भुकटी, प्लेटांची धूळ हे सगळं तोंडावाटे शरीरात जातं. बॅटरीला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कपही उचलू नका, आणि त्या हातांनी खर्रा (तंबाखू-सुपारी) तर मुळीच घोटू नका. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम फार वाईट होतो. काम चालू असताना मुलांना पार्किंगमध्ये खेळू देऊ नका.

तिचं वजनही ध्यानात ठेवा. छोट्या पेट्रोल गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या (अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरीचं वजन दहा किलोच्या आसपास असतं, डिझेल गाडीची याहून बरीच जड. वर दोरी किंवा मूठ असेल तर तिथेच धरा, आणि उभीच न्या. स्कूटरच्या पायदानावर आडवी टाकून नेऊ नका.

बॅटरी कशी आहे, हे ओळखणं

सध्याच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर एक छोटी काच असते, तिला मॅजिक आय म्हणतात. हिरवी दिसली तर ठीक, काळी दिसली तर चार्ज करा, पांढरी किंवा पारदर्शक दिसली तर आतली पातळी खाली गेली आहे, असा सर्वसाधारण अर्थ. नेमके रंग बॅटरीवरच्या स्टिकरवर छापलेले असतात. पण ही काच सहांपैकी एकाच सेलचं सांगते. बाकी पाचांपैकी एक मेलेला असला तरी ती हिरवीच दिसेल. त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन ठेवा. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो स्वस्तात मिळतो. गाडी रात्रभर बंद राहू द्या, सकाळी दिवे वगैरे काही न लावता बोनेट उघडा, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला लावा.

१२.६ किंवा वर: भरलेली.
१२.४: तीन चतुर्थांश.
१२.२: निम्मी, आज चार्ज करायला हवी.
१२.० किंवा खाली: जवळजवळ रिकामी.

गरम हवेसाठी काही कंपन्या ॲसिड मुळातच थोडं सौम्य भरतात. तशी बॅटरी १२.५ वरही पूर्ण भरलेली असू शकते. गाडी चालवून आल्या आल्या मोजाल तर आकडा खोटा वर दिसेल. तेव्हा दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

आता घरच्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला आणि बॅटरी भरलेली होती, तर ती थकली आहे. इंजिन सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ मध्ये यायला हवा. १३ च्या आतच अडकला तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा तपासा, बॅटरीला उगाच बदनाम करू नका. १४.८ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी आत उकळते आहे. नव्या काही गाड्यांत संगणक अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एका वाचनावरून निर्णय नको.

बुचं असलेल्या बॅटरीसाठी हायड्रोमीटर हे खरं साधन. रबरी फुग्याने ॲसिड नळीत ओढायचं, आतला तरंगणारा दांडा कुठे थांबला ते डोळ्याच्या रेषेत वाचायचं. गॅरेजमध्ये १.२६५ ला ‘बाराशे पासष्ट’ म्हणतात. बाराशे पासष्ट म्हणजे भरलेली, बाराशे नव्वदच्या वर सहसा जायला नको, अकराशे नव्वद म्हणजे निम्मी, अकराशे वीस म्हणजे उतरलेली. गरम ॲसिड हलकं पडतं, म्हणून मे महिन्यात आकडा कमी दिसतो. २७ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांमागे सुमारे ०.००७ मिळवून धरा. सहाही सेल तपासा, आणि आकडे कागदावर लिहा. पाच सेल बाराशे पन्नास आणि एक अकराशे नव्वद, असा पन्नासाहून जास्त फरक आला, तर तो एक सेल गेला. रात्रभर चार्ज करूनही मीटर १०.५ वरच थांबत असेल तर तेही हेच सांगतं, सहापैकी एक सेल शॉर्ट आहे. त्यावर इलाज नाही, बॅटरी बदला.

पाणी, आणि फक्त पाणी

सीलबंद बॅटरीचं स्टिकर उचकटून आत पाणी टाकायचा प्रयत्न करू नका. बुचांची असेल तर मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी बघा, एरवी महिन्यातून एकदा. डब्यावर वरची आणि खालची रेघ असते, पातळी त्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. प्लेटा कधीच उघड्या पडू द्यायच्या नाहीत.

टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात बाटलीत मिळतं तेच. बोरचं नको, नळाचं नको, आरओचं नको. आरओच्या पाण्यातही क्षार उरलेले असतात. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात धूळ आणि कॉइलच्या धातूचे कण येतात. लोह आणि क्लोराइड आत गेलं की बॅटरी ठेवल्या जागी उतरायला लागते.

ॲसिड घरी कधीच टाकू नका. पातळी कमी होते ती पाणी उडाल्यामुळे, ॲसिड आतच असतं. वरून ॲसिड टाकलं की ग्रॅव्हिटी क्षणभर छान दिसते आणि प्लेटा जळतात. ‘जरा तेज करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला हात जोडून नको म्हणा.

काढताना निगेटिव्ह आधी

गाडी बंद, चावी बाहेर. बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह सोडा, नंतर पॉझिटिव्ह. लावताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा नट सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, की शॉर्ट. निगेटिव्ह आधीच सुटलं असेल तर पाना पत्र्याला टेकला तरी काही होत नाही. एवढं कारण डोक्यात बसलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

टर्मिनलवरची भुकटी गरम पाण्यात सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. बुचांच्या भोकांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट बसवा, आणि बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जेली आधी लावून मग क्लॅम्प बसवायचा नाही. बॅटरी धरून ठेवणारी पट्टीही घट्ट हवी. रस्त्यांच्या हादऱ्यांनी प्लेटांवरचा माल झडतो.

बॅटरीचं डोकं कोरडं आणि स्वच्छ ठेवा. धूळ आणि ॲसिडची ओल यांच्यातून करंट हळूहळू वाहत राहतो. मीटरचं काळं टोक निगेटिव्हला आणि लाल टोक नुसतं प्लास्टिकवर टेकवून बघा, आकडा दिसला तर पुसायची वेळ झाली. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, असं अजून सांगितलं जातं. आजच्या पॉलिप्रोपिलीनच्या डब्याला फरशीने काही होत नाही.

चार्जिंग, पायरी पायरीने

आधी हिशोब. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहा टक्के ठेवायचा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३.५ अँपिअर. बॅटरी निम्मी उतरली असेल तर १७.५ अँपिअर-तास भरायचे, त्यावर वीस टक्के वाया जाणारे धरले की २१. भागिले ३.५, म्हणजे सहा तास. पूर्ण उतरलेली असेल तर बारा तास. कोणी ‘तासाभरात फुल करून देतो’ म्हणत असेल तर तो करंट फार मोठा लावणार, प्लेटा तापून वाकणार. देऊ नका.

१. जागा मोकळ्या हवेची निवडा. पार्किंगची सावली किंवा बाल्कनी चालेल, स्वयंपाकघर, झोपायची खोली, देवघर चालणार नाही. मे महिन्यात दुपारी चार्जिंग नकोच. पहाटे पाचला लावली तर सहा तासांचं काम अकरापर्यंत उरकतं.

२. बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज करत असाल तर आधी निगेटिव्ह सोडा. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीत निगेटिव्हवर सेन्सर असतो, तिथे गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच जोडा.

३. पातळी बघा. प्लेटा उघड्या असतील तर फक्त त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर टाका. चार्जिंगमध्ये पातळी वर येते, म्हणून वरच्या रेघेपर्यंत भरायचं काम शेवटी. आधीच भरलंत तर ॲसिड उतू जाईल.

४. बुचांची वायू जाण्याची भोकं साफ आहेत याची खात्री करा. कंपनीने बुचं सैल करायला सांगितली असतील तर सैल करून जागेवरच ठेवा, म्हणजे ॲसिडचे तुषार उडणार नाहीत.

५. चार्जरचं बटण बंद असताना लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला लावा. दोनदा खात्री करा, मगच बटण सुरू करा. ठिणगी चिमट्यापाशी पडू नये म्हणून हा क्रम.

६. बॅटरीचा प्रकार चार्जरवर नीट निवडा. साधी, ईएफबी (साधीचाच सुधारलेला प्रकार), एजीएम अशी निवड असते. एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. तिला जास्त व्होल्टेज दिलं की उडालेलं पाणी परत टाकता येत नाही.

७. तासातासाने डब्याला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल, आत ५० अंशांच्या वर गेलं असेल, तर बंद करून थंड होऊ द्या. कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा डबा फुगला, तर चार्जरचं बटण लांबून बंद करा, चिमट्यांना लगेच हात लावू नका, तिथून बाजूला व्हा. ती बॅटरी परत चार्ज करायची नाही.

८. झाली हे कसं ओळखायचं? सगळ्या सेलमधून सारखे बुडबुडे येतात, आणि तासाच्या अंतराने घेतलेली ग्रॅव्हिटी किंवा व्होल्टेजची तीन वाचनं सारखी येतात. आपोआप बंद होणाऱ्या चार्जरवर दिवा लागतो. साधा चार्जर असेल तर रात्री लावून झोपू नका.

९. आधी चार्जर बंद, मग चिमटे काढा. दोन-तीन तास थांबा, पातळी वरच्या रेघेपर्यंत करा, व्होल्टेज मोजून तारखेसह लिहून ठेवा.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करणं

जंपर केबल जाड तांब्याच्या घ्या, पातळ केबल तापून वितळतात. लाल केबल आधी बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती हायड्रोजनजवळ पडू नये. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग दुसरीला सेल्फ मारा. काढताना नेमका उलटा क्रम.

वर्धा रोडवर किंवा समृद्धीवर गाडी बंद पडली आणि ट्रकवाले भाऊ मदतीला थांबले, तर आधी विचारा. ट्रक आणि बस बहुधा २४ व्होल्टच्या असतात. ती केबल तुमच्या गाडीला लावली तर बॅटरी फुटू शकते आणि गाडीचा संगणक जळतो. समोरची बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गळणारी असेल तरीही जंप देऊ नका. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण तिथे पुस्तिका वाचल्याशिवाय काही जोडू नका, आणि नारिंगी आवरणाच्या केबलला तर कधीच हात लावू नका. ती शेकडो व्होल्टची लाइन आहे.

सुट्टीत उभी राहिलेली गाडी

मे महिन्यात मुलांना घेऊन बरेच जण गावाला जातात आणि गाडी उन्हात उभी राहते. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणक थोडा करंट खातात. ५० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी, वर उष्णतेने आपोआप उतरते ते वेगळंच. आठवड्याहून जास्त जाणार असाल तर निघण्याआधी पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह सोडून ठेवा. रेडिओला कोड असेल तर तो आधी लिहून घ्या. शेजाऱ्यांना ‘रोज पाच मिनिटं सुरू करा’ असं सांगण्यात फायदा नाही. सेल्फला गेलेला करंट तेवढ्यात भरून निघत नाही. शहरातही धरमपेठ ते सदर अशा छोट्या फेऱ्या, एसी फुल, हेडलाइट चालू, असं रोज चालत असेल तर बॅटरी कधीच भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा, नाहीतर महिन्यातून एकदा चार्जर लावा.

पावसाळ्यासाठी एकच सूचना. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि कितीतरी वस्त्यांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. तशी वेळ आली तर पाणी उतरल्यावर आधी निगेटिव्ह सोडा. सेल्फ मारून बघायचा मोह टाळा आणि गाडी ओढून मेकॅनिककडे न्या.

नवी घेताना, जुनी देताना

दुकानात बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना आधी बघा, तीन महिन्यांहून जुनी असेल तर ताजी मागा. सीलबंद बॅटरीही शेल्फवर उतरत असते, आणि नागपूरच्या गोदामात ती भराभर उतरते. तिथल्या तिथे मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर घेऊ नका. ३८बी२० असा कोड असतो, त्यातला शेवटचा आकडा म्हणजे साधारण लांबी सेंटिमीटरमध्ये. त्यापुढचं एल किंवा आर टर्मिनलची बाजू सांगतं. जुनी बॅटरी शेजारी ठेवूनच जुळवा, कारण बाजू चुकली तर केबल पुरत नाही आणि लोक ती ताणून बसवतात.

जुनी बॅटरी वजनाने भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटरीचं ॲसिड नालीत जातं आणि शिसं वितळवताना धूर वस्तीत पसरतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना विक्रेता जुनीचे पैसे बिलातून वजा करतो. ते बिलावर लिहून घ्या, आणि जुनी बॅटरी दुकानात नेईपर्यंत बुचं वर, उभी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.